वाचक विचारतात: चेरोकी राष्ट्राचा कारभार, जमीन आणि भाषा

पत्रकार दिनाच्या निमित्ताने जानेवारीच्या अंकात आम्ही एक छोटे टिपण छापले होते. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत इंग्रजी आणि मराठी अशा दोन भाषांत निघाले. त्याच्या जवळजवळ चार वर्षे आधी, २१ फेब्रुवारी १८२८ रोजी, अमेरिकेतील चेरोकी या आदिवासी राष्ट्राने ‘चेरोकी फीनिक्स’ हे वृत्तपत्र इंग्रजी आणि चेरोकी या दोन भाषांत, स्वतःच्या लिपीचे खिळे पाडून घेऊन छापले, एवढाच त्याचा आशय होता. त्यावर मुंबईच्या निरनिराळ्या भागांतून बरीच पत्रे आली. त्यांतील पाच प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न: टिपणात आपण ‘आदिवासी राष्ट्र’ असा शब्द योजला आहे. एका देशाच्या आत दुसरे राष्ट्र कसे असू शकते? ही आपल्याकडील जातपंचायतीसारखी व्यवस्था आहे की ग्रामपंचायतीसारखी?
— एक निवृत्त वकील, दादर

उत्तर: ती दोन्हींहून वेगळी आहे. जातपंचायतीला कायद्याचा आधार नाही. ग्रामपंचायतीला तो आहे, परंतु तिचे अधिकार विधिमंडळाने दिलेले असल्यामुळे विधिमंडळ ते कमीजास्त करू शकते. चेरोकींचे म्हणणे असे की, आपली सत्ता आपल्याला कोणी दिलेली नाही. अमेरिका हा देश जन्माला येण्यापूर्वीपासून ती आपल्याकडे आहे आणि अमेरिकेने आपल्याशी तह केले तेव्हा ती मान्यच केली. हे म्हणणे त्यांनी न्यायालयातही मांडले. १८३१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परकीय राष्ट्र मानण्यास नकार दिला आणि ‘देशांतर्गत आश्रित राष्ट्र’ असा एक नवाच दर्जा सांगितला. पुढच्याच वर्षी, वूस्टर विरुद्ध जॉर्जिया या खटल्यात, त्याच न्यायालयाने जॉर्जिया राज्याचे कायदे चेरोकी भूमीत लागू होत नाहीत असा निर्वाळा दिला. आपण वकिली केलेली असल्यामुळे पुढची गोष्ट आपल्याला विशेष लागेल. खटला जिंकूनही भूमी गेली. १८३५ मध्ये अधिकार नसलेल्या मूठभर लोकांकडून तहावर सह्या घेण्यात आल्या, प्रमुख जॉन रॉस यांचा आणि हजारो लोकांचा विरोध बाजूला सारला गेला, आणि १८३८-३९ मध्ये सुमारे सोळा हजार चेरोकींना सैन्याच्या पहाऱ्यात आजच्या ओक्लाहोमापर्यंत हाकलण्यात आले. त्यांपैकी सुमारे चार हजार लोक दगावले, असे सामान्यतः मानले जाते.

ज्या वर्षी ही माणसे नव्या मुलखात पोहोचली त्याच वर्षी, ६ सप्टेंबर १८३९ रोजी, त्यांनी टालेक्वा येथे नवी राज्यघटना स्वीकारली. पहिली घटना १८२७ ची होती. ती निर्दोष होती असे मी म्हणणार नाही. मतदानाचा हक्क केवळ पुरुषांना होता, आणि त्या काळी संपन्न चेरोकी कुटुंबांकडे आफ्रिकी वंशाचे गुलाम होते. तरीही घरदार, शेते आणि आप्तजन गमावलेल्या लोकांनी प्रथम हाती घ्यावयाच्या कामांत राज्यघटना लिहिणे हे एक काम मानले, हे वाचून मी बराच वेळ पुढचे पान उलटू शकलो नाही.

आज अमेरिकेने मान्यता दिलेल्या चेरोकी जमाती तीन आहेत. टालेक्वा येथील चेरोकी नेशन ही सर्वांत मोठी असून तिचे नागरिक साडेचार लाखांहून अधिक आहेत. तेथेच युनायटेड कीटूवा बँड ही लहान जमात आहे. हकालपट्टीच्या वेळी जे डोंगरांत मागे राहिले, त्यांच्या वंशजांची ईस्टर्न बँड ही जमात नॉर्थ कॅरोलायना राज्यात आहे. चेरोकी नेशनमध्ये मुख्य प्रमुख आणि उपप्रमुख थेट मतदानाने निवडले जातात. विधिमंडळात सतरा सदस्य असतात. त्यांपैकी पंधरा मतदारसंघांतून येतात आणि दोघे राष्ट्राच्या हद्दीबाहेर राहणाऱ्या नागरिकांचे प्रतिनिधित्व करतात. नोकरीधंद्यासाठी दूर गेलेल्यांना आपल्या सभागृहात जागा राखून ठेवण्याची ही कल्पना, गावाकडे घर आणि मुंबईत खोली असलेल्या आपल्या अनेक वाचकांना सहज कळेल. राष्ट्राचे स्वतःचे जिल्हा न्यायालय, सर्वोच्च न्यायालय आणि पोलीस दल आहे. ईस्टर्न बँडच्या सभेत सहा विभागांतून प्रत्येकी दोन असे बारा सदस्य बसतात आणि विभागाच्या लोकसंख्येनुसार त्यांच्या मताचे वजन कमीअधिक धरले जाते.

ही परंपरा अखंड राहिली असे मात्र समजू नये. १८९८ च्या कर्टिस कायद्याने चेरोकींची सामाईक जमीन माणशी तुकड्यांत वाटली गेली, त्यांची न्यायालये रद्द झाली, आणि १९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य स्थापन झाल्यावर त्यांचे सरकार नावापुरते उरले. त्यानंतर साठहून अधिक वर्षे त्यांचा प्रमुख अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांकडून नेमला जात असे. १९७० मध्ये कायदा बदलला आणि १९७१ मध्ये लोकांनी पुन्हा स्वतः प्रमुख निवडला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेजारच्या मस्कोगी राष्ट्राबाबत, मॅकगर्ट खटल्यात, त्यांचे आरक्षित क्षेत्र कधीच रद्द झालेले नाही असा निकाल दिला. २०२१ मध्ये ओक्लाहोमाच्या न्यायालयाने तेच तत्त्व चेरोकी क्षेत्राला लावले. १४ काउंट्यांत, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांत, पसरलेल्या सुमारे सात हजार चौरस मैलांच्या भागात आदिवासी आरोपींवरील फौजदारी खटले त्यामुळे राज्याच्या न्यायालयांतून निघून चेरोकी आणि केंद्रीय न्यायालयांकडे आले. अधिकार परत मिळाला की त्याचे ओझेही येते. चेरोकी नेशनला अल्पावधीत अभियोक्ते, न्यायाधीश आणि पोलीस यांची संख्या वाढवावी लागली.

प्रश्न: चेरोकी कोणाला म्हणायचे हे कोण ठरवते? जातवैधतेचे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी मी आजोबांच्या शाळेच्या दाखल्यापासून सगळे कागद गोळा केले, म्हणून विचारते.
— एक वाचक, विक्रोळी

उत्तर: तेथेही कागदच पुढे करावा लागतो, फक्त तो तपासणारे कार्यालय जमातीचे स्वतःचे असते. चेरोकी नेशनमध्ये, जमिनीच्या वाटपासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्ण झालेल्या डॉज नोंदवहीत ज्याच्या पूर्वजाचे नाव आहे, तो नागरिक होऊ शकतो. रक्ताच्या प्रमाणाची अट नाही. ईस्टर्न बँडमध्ये १९२४ च्या बेकर नोंदवहीतील पूर्वज आणि किमान एक षोडशांश रक्त अशी दुहेरी अट आहे, तर कीटूवा बँडमध्ये एक चतुर्थांश रक्ताची. एकाच लोकांच्या तीन सरकारांनी ‘आपला कोण’ या प्रश्नाची तीन उत्तरे दिली आहेत.

यातील सर्वांत कष्टाचा भाग चेरोकींनी पूर्वी गुलाम म्हणून ठेवलेल्या लोकांच्या वंशजांचा आहे. १८६६ च्या तहाने त्यांना चेरोकी नागरिकांचे सर्व हक्क दिले होते. डॉज नोंदवहीत मात्र त्यांची नावे वेगळ्या यादीत गेली, आणि २००७ मध्ये मतदानाने घटनादुरुस्ती करून त्यांना नागरिकत्वातून वगळण्याचा प्रयत्न झाला. २०१७ मध्ये केंद्रीय न्यायालयाने तहाचा अर्थ वंशजांच्या बाजूने लावला, आणि २०२१ मध्ये चेरोकींच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयाने घटनेतील ‘रक्ताने’ हा शब्दच काढून टाकण्याचा आदेश दिला. स्वशासनाच्या नावाखाली दुर्बलांना दाराबाहेर ठेवण्याचा मोह तेथेही झाला, हे या इतिहासाविषयी आस्था असणाऱ्याने लपवू नये. शेवटी त्यांच्याच न्यायालयाने तो दोष दुरुस्त केला, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

प्रश्न: आमच्या कोळीवाड्याच्या हद्दीचे सीमांकन हा आमच्यासाठी रोजचा विषय आहे. चेरोकींची जमीन बाहेरच्या माणसाला विकत घेता येते का?
— एक युवक, वरळी कोळीवाडा

उत्तर: या बाबतीत पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील चेरोकींचे अनुभव अगदी वेगळे आहेत, आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहिले तरच आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर मिळते. ओक्लाहोमात सामाईक जमिनीचे तुकडे माणसांच्या नावे झाल्यावर कर्ज, फसवणूक आणि विक्री यांतून बहुतेक जमीन एका पिढीत हातची गेली. सातबाऱ्यावर स्वतःचे नाव लागणे ही आपल्याला सुरक्षितता वाटते. तेथे तेच जमीन सुटण्याचे साधन ठरले. नॉर्थ कॅरोलायनातील चेरोकींना त्या काळी जमीन आपल्या नावे ठेवणे अवघड होते, म्हणून विल्यम हॉलंड थॉमस हा त्यांनी आपला मानलेला गोरा व्यापारी त्यांच्या पैशाने आणि स्वतःच्या नावावर जमिनी विकत घेत गेला. पुढे त्याच्या कर्जबाजारीपणामुळे त्या जवळजवळ गेल्याच होत्या. कोर्टकचेऱ्या करून त्या वाचवाव्या लागल्या. आज क्वाला बाउंड्री या नावाने ओळखली जाणारी ही सुमारे ५७ हजार एकर जमीन अमेरिकेचे केंद्र सरकार जमातीसाठी विश्वस्त म्हणून धरून आहे. कुटुंबाला तिच्यावर वहिवाटीचा हक्क असतो. तो मुलांना देता येतो, जमातीतील दुसऱ्या सदस्याला विकताही येतो, परंतु बाहेरच्याला नाही. आपल्याकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ मध्ये आदिवासींची जमीन बिगर आदिवासीकडे जाण्यावर जे निर्बंध आहेत, त्यांच्याशी याचे साम्य आहे. फरक हा की तेथे हस्तांतराची नोंद आणि मंजुरी जमातीच्या सभेकडूनही जाते.

गेलेली जमीन परत मिळवण्याचेही एक उदाहरण सांगतो. कीटूवा हे चेरोकी लोक आपले मूळ गाव मानतात. तेथील मातीच्या जुन्या टेकाडावर दीर्घकाळ नांगर फिरत राहिला. १९९६ मध्ये ईस्टर्न बँडने ती ३०९ एकर जागा पैसे मोजून विकत घेतली. न्यायालयाची वाट न पाहता, भरपाईची मागणी न करता, आपलीच पंढरी आपण बाजारभावाने सोडवून घेतली.

प्रश्न: माझी दोन्ही मुले इंग्रजी शाळेत जातात आणि घरी मराठीत उत्तर देणे हळूहळू सोडत आहेत. चेरोकींनी आपली भाषा कशी टिकवली, हे सविस्तर सांगावे.
— एक आई, मुलुंड

उत्तर: ताई, पहिले सत्य कटू आहे. चेरोकी भाषा सुरक्षित नाही. २०१९ च्या जूनमध्ये तिन्ही जमातींच्या संयुक्त सभेने भाषेबाबत आणीबाणी जाहीर केली, तेव्हा ती अस्खलित बोलणारे सुमारे दोन हजारच उरले होते आणि त्यांतील बहुतेक साठीच्या पुढचे होते. ज्या लोकांकडे एकेकाळी त्यांच्या गोऱ्या शेजाऱ्यांपेक्षा साक्षर माणसे अधिक होती असे सांगतात, त्यांच्यावर ही वेळ आली.

ती साक्षरता सिक्वोया या एका माणसामुळे आली. त्याला इंग्रजी लिहिता-वाचता येत नव्हते. गोऱ्यांचे कागद ‘बोलतात’ हे पाहून त्याने अनेक वर्षे खपून आपल्या भाषेतील प्रत्येक अक्षरध्वनीला एक चिन्ह दिले. १८२१ च्या सुमारास ही लिपी पूर्ण झाली. तिची पहिली विद्यार्थिनी त्याची लहान मुलगी होती. चिन्हे ८६ होती, पुढे ८५ राहिली. आपल्या बाराखडीत ‘क’ला काना, वेलांटी, मात्रा लावतात, तेथे ‘का’, ‘के’, ‘की’ यांना स्वतंत्र चिन्हे आहेत, आणि म्हणून चेरोकी बोलणारा माणूस ती फार थोड्या काळात शिकू शके. १८२५ मध्ये राष्ट्राने ती अधिकृतपणे स्वीकारली आणि तीन वर्षांत वृत्तपत्र निघाले. आपली मोडी लिपी छापखान्याच्या सोयीपुढे मागे पडली. चेरोकींनी छापखान्यालाच आपल्या लिपीकडे वळवले. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मला मोडीविषयी हळहळ वाटल्यावाचून राहत नाही. चेरोकी लिपी १९९९ मध्ये युनिकोडमध्ये आली, मोडी २०१४ मध्ये.

लिपी असूनही भाषा ओसरली, कारण निवासी शाळांत मुलांना आपली भाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत असे, आणि मोठी झाल्यावर त्याच मुलांनी आपल्या मुलांना तो त्रास नको म्हणून इंग्रजीच शिकवली. आपल्या घरातील प्रश्नाचे मूळ शिक्षेत नाही, पण ‘मुलांचे पुढे अडू नये’ ही काळजी तीच आहे. तिला दोष देण्याचा मला अधिकार नाही.

आता त्यांनी काय केले ते पाहा. २००१ मध्ये टालेक्वा येथे, आणि काही वर्षांनी नॉर्थ कॅरोलायनात, अशा शाळा सुरू झाल्या की जेथे लहान मुलांना गणितापासून खेळापर्यंत सर्व काही चेरोकीतच शिकवले जाते. लवकरच लक्षात आले की मुले शाळेत शिकतात, परंतु घरी आईवडिलांनाच भाषा येत नाही. म्हणून २०१४ पासून प्रौढांसाठी गुरू-शिष्य योजना आली. निवडलेली माणसे आठवड्याला ४० तास, अशी दोन वर्षे, अस्खलित बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांबरोबर केवळ भाषा शिकतात, आणि राष्ट्र त्यांना त्यासाठी वेतन देते. मला या साऱ्या प्रयत्नांत हे सर्वांत मोलाचे वाटते. भाषा शिकणे हे संध्याकाळी उरलेल्या वेळात करावयाचे पुण्यकर्म न राहता, ज्यावर घर चालते अशी नोकरी झाले. या योजनेतून बाहेर पडलेल्यांपैकी काही जण पुढे त्या शाळांत शिकवू लागले.

डर्बिन फीलिंग या भाषाभ्यासकाने १९७५ मध्ये चेरोकी-इंग्रजी शब्दकोश सिद्ध केला होता. त्यांच्या नावाने २०१९ मध्ये चेरोकी विधिमंडळाने भाषासंवर्धनाचा कायदा केला आणि सुमारे एक कोटी साठ लाख डॉलर त्यासाठी बाजूला काढले. अस्खलित बोलणाऱ्यांची एक नोंदवहीही उघडण्यात आली. तिच्यात स्वतःच्या हाताने नाव लिहिणे हा मान समजला जातो. २०२२ मध्ये डर्बिन फीलिंग भाषाकेंद्राची इमारत उघडली, ती टालेक्वातील जुन्या कॅसिनोच्या जागी.

आपल्या मुलांसाठी यातून थेट घेता येईल अशी एकच गोष्ट मला दिसते. त्या शाळांत भाषेचा वेगळा तास नसतो. भाषेतून दुसरे काहीतरी शिकवले जाते. मुलांना मराठी वाचायला बसवण्याऐवजी, आठवड्यातील एखादे काम पूर्णपणे मराठीत ठेवून पाहावे; स्वयंपाक, बाजारहाट, सायकलची दुरुस्ती, काहीही चालेल. आजी-आजोबा जवळ असतील तर ते काम त्यांच्या हाती सोपवावे.

प्रश्न: मी आरे परिसरातील पाड्यांवरच्या मुलांना शिकवते. कायदे आणि न्यायालये समजली, परंतु चेरोकींच्या रोजच्या जगण्यातील चालीरीती, शेती, रानातले ज्ञान यांचे काय? कॅसिनोच्या पैशाने ते सगळे बदलून गेले नाही का?
— एक शिक्षिका, गोरेगाव पूर्व

उत्तर: पैशाचे थोडक्यात सांगतो. ईस्टर्न बँडचा कॅसिनो १९९७ मध्ये सुरू झाला. नफ्यातील निम्मा वाटा सदस्यांना वर्षातून दोनदा मिळतो आणि निम्म्यावर जमातीचा कारभार चालतो; मुलांचा वाटा ती सज्ञान होईपर्यंत राखून ठेवतात आणि शालेय शिक्षण पुरे केलेल्याला तो लवकर मिळतो. चेरोकी नेशन असा माणशी वाटा देत नाही. ते उत्पन्न दवाखाने, घरे, शिष्यवृत्त्या यांवर खर्च करते. जुगाराच्या पैशाविषयी मनात किंतु येणे स्वाभाविक आहे. तो त्यांच्याही मनात आहे.

चालीरीतींविषयी मात्र सावकाश बोलले पाहिजे. चेरोकींची सात कुळे आहेत: लांडगा, हरीण, पक्षी, रंग, निळा, लांब केस आणि रानबटाटा. एकाच कुळात लग्न होत नाही. आपल्याकडे देवक एक निघाले की सोयरीक मोडते, तसेच हे आहे. फक्त तेथे कूळ आईकडून येते. जुन्या रीतीप्रमाणे घर बाईचे असे, नवरा तिच्याकडे राहायला येई आणि मुलांना वळण लावण्याचे काम बापापेक्षा मामाचे असे.

त्यांचा एक शब्द आहे ‘गाडुगी’. आपल्या शेतकऱ्यांना त्याचा अर्थ एका शब्दात सांगता येईल: इर्जिक. एकाच्या शेताचे किंवा घराचे काम साऱ्यांनी मिळून करायचे. १९८०च्या दशकाच्या आरंभी ओक्लाहोमातील बेल या गरीब वस्तीत नळाचे पाणी नव्हते. विल्मा मॅनकिलर या कार्यकर्तीने तेथे ठेकेदार न आणता लोकांनाच एकत्र केले, आणि त्यांनी स्वतः खणून सोळा मैलांची जलवाहिनी टाकली. १९८५ मध्ये मॅनकिलर चेरोकी नेशनच्या पहिल्या स्त्री मुख्य प्रमुख झाल्या आणि १९९५ पर्यंत त्या पदावर होत्या. जुनी रीत जपणे म्हणजे तिचे प्रदर्शन मांडणे असा आपला समज असेल, तर बेलच्या खंदकात कुदळ मारणाऱ्यांकडे पाहावे.

आपल्या मुलांना सांगण्यासारख्या दोन गोष्टी शेवटी देतो. चेरोकी नेशन दरवर्षी आपल्या नागरिकांना जुन्या वाणांचे मका, घेवडा, भोपळा यांचे बियाणे विनामूल्य वाटते, आणि २०२० मध्ये त्यांच्या नऊ वाणांचे बियाणे नॉर्वेतील स्वालबार्डच्या जागतिक बीजभांडारात ठेवले गेले. अमेरिकेतील आदिवासी राष्ट्रांत तो मान प्रथम त्यांना मिळाला. दुसरी गोष्ट सोचान या रानभाजीची आहे. वसंतात तिची कोवळी पाने खुडून चेरोकी घरांत भाजी करतात. १९३४ मध्ये ग्रेट स्मोकी माउंटन्स हे राष्ट्रीय उद्यान झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या जेथे ती खुडली, तेथेच ती खुडणे गुन्हा ठरले. २०१९ मध्ये ईस्टर्न बँड आणि उद्यान प्रशासन यांच्यात करार झाला. आता जमातीचे परवानाधारक सदस्य, मूळ न उपटता पाने खुडण्याच्या आपल्या पद्धतीने, ती पुन्हा गोळा करतात, आणि रोपांची संख्या कमी होत नाही ना यावर दोन्ही बाजू मिळून लक्ष ठेवतात.

आपल्या पाड्यांवरच्या बायका पावसाळ्यात टाकळा, शेवळ, भारंगी घेऊन गोरेगाव-बोरिवलीच्या स्थानकांबाहेर बसतात. वनहक्क कायदा, २००६ मध्ये गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क नमूद आहे. त्याचा पाठपुरावा वडीलधाऱ्यांनी करावयाचा आहे. मुलांकडून मात्र एक काम याच पावसाळ्यात करून घेता येईल. आजीबरोबर जाऊन कोणती भाजी कोठे, कोणत्या पंधरवड्यात उगवते, तिचे वारली बोलीतले नाव काय आणि तिचा कोणता भाग खुडायचा नसतो, हे एका वहीत लिहून ठेवावे. सोचानबाबत उद्यानाशी बोलणी झाली तेव्हा चेरोकींच्या बाजूने याच स्वरूपाची माहिती पुढे आली होती. वही भरली की आमच्याकडे पाठवावी. मुलांच्या अनुमतीने आम्ही ती छापू.